तिसऱ्या सिलिंडरचा ऑक्टोबर

दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले की आमच्याकडे दुपारचं ऊन बदलतं. चार महिने भिजलेल्या भिंती वाळायला लागतात, रस्त्यावरच्या चिखलाची पिठासारखी धूळ होते आणि ती पायपुसण्यापासून देवघरापर्यंत सगळीकडे पोचते. वारा पडलेला असतो. दोरीवरचे कपडे तासाभरात कडक होतात आणि घडी करताना कुरकुरतात. लोक ‘ऑक्टोबर हीट’ म्हणून मोकळे होतात. माझ्या नाकात मात्र या दिवसांत पेट्रोलचा, तापलेल्या रबराचा आणि जुन्या ग्रीसचा वास येऊन बसतो.

काल दुपारी कल्याणच्या या भाड्याच्या घरात, सातव्या मजल्यावर, मी कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा नकाशा काढत बसले होते. नौपाड्यातल्या एका आर्किटेक्टकडे मी ड्राफ्टिंगचं काम करते, बरंचसं घरूनच. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती उचलायची, दोन-तीन ठोके टाकायची आणि गप्प व्हायची. पुन्हा तेच. आठव्या-नवव्या वेळी त्या माणसाने नाद सोडला असावा. मी काम बाजूला ठेवून खिडकीशी गेले तेव्हा खाली कोणीच नव्हतं, नुसतं ऊन होतं. आणि दोन वर्षांपूर्वीचा डोंबिवलीतला ऑक्टोबर अख्खाच्या अख्खा माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

तेव्हा अप्पा होते.

अप्पा म्हणजे माझे वडील. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं इंजिनं ऐकली. शेतातल्या विहिरीवर बसवायची डिझेल इंजिनं तिथे बनायची. तयार झालेलं इंजिन स्टँडवर चढवायचं, सुरू करायचं, आणि लाकडी मुठीच्या लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावून मूठ कानाशी धरायची. आत काय चाललंय ते त्या दांड्यातून कानात येतं. बरं वाटलं तर पुढे पाठवायचं, नाहीतर परत. हेच त्यांचं काम. त्या आवाजात राहून त्यांचा कान थोडा गेलाच होता. आईला त्यांना दोनदा हाक मारावी लागे. पण मिक्सरचं बेअरिंग जायला आलंय, हे त्यांना तो बंद पडायच्या आठवडाभर आधी कळायचं. ते फार बोलणारे कधीच नव्हते. आई गेल्यावर आणखी कमी झाले. संध्याकाळी मी घरी आले की ‘आलीस?’ आणि जेवताना ‘मीठ बघ जरा’, एवढ्यावर आमचं वर्षानुवर्षं छान चाललं होतं.

त्या वर्षी ज्येष्ठात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि पाय लुळे पडले, आणि बोलणं गेलं. म्हणजे आवाज होता, सगळं समजत होतं, पेपरातले मथळे ते बोट ठेवून वाचायचे. पण शब्द तोंडापर्यंत येईना. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं की असं होतं, कधीकधी एखादंच वाक्य शिल्लक राहतं आणि माणूस सगळ्यासाठी तेच वापरतो. अप्पांकडे ‘तसं नाही’ एवढंच उरलं. चहा हवा का विचारलं की मान होकारार्थी हलायची आणि तोंडातून यायचं, ‘तसं नाही.’ पंखा वाढवू? ‘तसं नाही.’ भावाचा फोन आला आणि कसे आहात विचारलं, तरी ‘तसं नाही, तसं नाही’, आणि पुढे रागाने डावा हात मांडीवर आपटणं. सुरुवातीला अप्पा आणि मी त्यावर हसलोसुद्धा. नंतर हसू थांबलं.

त्याच दिवसांत आमची बिल्डिंग रिकामी होत होती. डोंबिवली पूर्वेला चाळीस वर्षं जुनी, चार मजली, लिफ्ट नसलेली. पुनर्विकासाचे करार झाले होते, दिवाळीच्या आत सगळ्यांनी निघायचं होतं. गणपती झाल्यापासून रोज दारात कुणाचा ना कुणाचा टेम्पो लागायचा. ज्या दारांवर मी लहानपणापासून नावं वाचत आले, त्यांवर पाटीच्या जागी फिकट चौकोन आणि चार भोकं उरली. मग खिडक्यांच्या जाळ्या काढून नेणारे आले. संध्याकाळी जिन्यातून वर येताना एरवी मजल्यागणिक फोडणीचा वास बदलायचा. आता एकाच ओल्या चुन्याचा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत सोबत करायचा. दुसऱ्यावर आम्ही, पहिल्यावर सामंतकाकू. बाकी कबुतरं.

खाली पार्किंगमध्ये आमची एकच गाडी उरली होती. बारा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, राखाडी रंगाची. अप्पांनी ती निवृत्त झाल्यावर घेतली होती आणि एका तेलबदलासाठीसुद्धा कधी बाहेर दिली नव्हती. झटका आल्यानंतर पाऊसभर ती झाकून तशीच उभी होती. कल्याणच्या नव्या जागेच्या सेक्रेटरींनी मला स्वच्छ सांगितलं होतं, “मॅडम, चालती गाडी असेल तरच पार्किंग देतो. लोक खटारे आणून टाकतात आणि वर्षानुवर्षं हलवत नाहीत.” मी म्हटलं, चालती आहे.

नवरात्रात एकदा अप्पांना ठाण्याला वाचोपचाराच्या वर्गाला नेत होते. शीळ रस्त्यावर काटईच्या पुढे गाडी एकदम थरथरली. जोर गेला. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. उचक्या लागलेल्या माणसासारखी ती दोन पावलं पुढे, एक ठेच, असं करत राहिली. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. मी अप्पांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते आणि डावा तळवा डॅशबोर्डवर सपाट ठेवला होता. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, ओठ हलले, आणि जे यायचं तेच आलं. आम्ही वाटेतूनच परत फिरलो.

गॅरेजवाले याला ‘मिसिंग’ म्हणतात. चार सिलिंडरपैकी एखाद्यात पेट्रोल पेटत नाही, त्याचा ठोका चुकतो, आणि बाकीचे तिघं त्याला ओढत राहतात. नाक्यावरच्या मेकॅनिककडे गाडी नेली तेव्हा ती शहाण्यासारखी चालली. त्याने चार वेळा रेस केली, कान खाजवला. “ताई, आता तर एकदम मक्खन चालतेय. करायला लागली की आणा.” करायला लागली की आणणार कशी, हे मी त्याला विचारलं नाही. परतीच्या वाटेवर, शेवटच्या वळणावर, तिने करायला सुरुवात केलीच. दुसऱ्यांदा तो स्वतः घरी आला, तेव्हाही ती गुणी. जाता जाता म्हणाला, “वायरिंग असेल, सेन्सर असेल, इंजिनपण असेल. जुनी झाली. देऊन टाका ना.”

दादाही तेच म्हणाला. माझा भाऊ बेंगळुरूला असतो. “सुजू, अगं विकून टाक. शिफ्टिंगची एवढी कामं पडलीत आणि तू गाडीत काय डोकं घालून बसलीयेस?” तो चुकीचं बोलत नव्हता. सामंतकाकूंनीसुद्धा जिन्यात थांबवून विचारलं, “गाडीवाचून काय अडलंय का तुझं? रिक्षा मिळतात की पायलीच्या पन्नास.”

अडलं होतं ते असं, की एका सकाळी भंगारवाला विचारायला आला होता. तो गाडीभोवती फिरत, टायर लाथेने तपासत होता, आणि गॅलरीतून ते बघणारे अप्पा उभे राहायला धडपडत होते. पडले असते. मी धावत जाऊन धरलं. त्या दिवशी मी ठरवलं, गाडी कल्याणला जाईल आणि आपल्या पायांनी जाईल.

मग सुरू झाल्या त्या दुपारी. सकाळी काम उरकायचं, अप्पांना जेवायला घालायचं, आणि त्यांना धरून दोन जिने उतरायचे. सोळा अधिक सोळा पायऱ्या, प्रत्येक पायरीवर आधी चांगला पाय की आधी आजारी, याचा विचार. खाली प्लास्टिकच्या खुर्चीत त्यांना बसवायचं, पाण्याची बाटली हाताशी द्यायची, बॉनेट उघडायचं. मोबाइलवर व्हिडिओ. त्या व्हिडिओतल्या माणसांची गॅरेजं आमच्या घरापेक्षा मोठी होती. त्यांच्याकडे सगळी हत्यारं भिंतीवर रांगेने टांगलेली होती आणि त्यांचे बोल्ट एका हिसड्यात सुटत होते. माझा पहिला बोल्ट सुटायला पाऊण तास लागला आणि सुटताच तो खाली इंजिनाच्या पोटात कुठेतरी पडला. मी जमिनीवर आडवी होऊन टॉर्च घेऊन शोधला. पाठीखाली फरशी गरम, डोळ्यांत धूळ. वरून अप्पा काहीतरी म्हणत होते. काय म्हणत होते ते सांगायला नको.

मोबाइलला जोडायचं एक छोटं यंत्र मी मागवलं होतं. ते गाडीच्या खाचेत बसवलं की बिघाड कुठे आहे ते सांगतं. त्याने सांगितलं: तिसरा सिलिंडर. मला इतका आनंद झाला की मी “अप्पा, तिसरा! तिसरा आहे!” असं ओरडलेच. रिकाम्या बिल्डिंगमध्ये ते शब्द घुमले आणि वरच्या मजल्यावरची कबुतरं उडाली. पण तिसरा म्हणजे काय, हे यंत्राला माहीत नव्हतं. ठिणगी टाकणारा प्लग गेला असेल, त्याला वीज देणारी कॉइल गेली असेल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर असेल, किंवा आत खोलवर आणखी काही. घर सापडलं होतं, घरातलं आजारी माणूस कोणतं ते सापडत नव्हतं.

प्लग बदलला. मिसिंग तशीच. दुसरा नवा प्लग बसवताना हातातून निसटला, फरशीवर त्याचं पांढरं चिनी मातीचं अंग तडकलं. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्याला लावली, दुसऱ्याची तिसऱ्याला. कॉइल बिघडलेली असती तर मिसिंग तिच्याबरोबर दुसऱ्याकडे गेली असती. गेली नाही. तिसऱ्यातच राहिली, तीही मनाला येईल तेव्हा. वीस मिनिटं काही नाही, आणि मी बॉनेट लावून हात धुतले की ठेच. इंटरनेटवरच्या एका गटात मी सगळं तपशीलवार लिहून मदत मागितली. तीन दिवस रोज उघडून पाहत होते. तिसऱ्या दिवशी एकाचं उत्तर आलं: ‘माझ्या गाडीचंही असंच होतंय. तुम्हाला काही कळलं का?’

गाडी दुरुस्त करायला दोन माणसं लागतात, हे तेव्हा कळलं. एकाने आत बसून अॅक्सिलरेटर दाबायचा आणि दुसऱ्याने बॉनेटखाली बघायचं. मी दाबायला आत जायचे तेव्हा बॉनेट समोर भिंतीसारखं उभं. धावत पुढे यायचे तोवर इंजिन शांत झालेलं. अप्पांचा उजवा पाय दाबू शकत नव्हता. एकदा मी अॅक्सिलरेटरवर वीट ठेवून पाहिली. इंजिन किंचाळलं, मी घाबरून वीट काढली, ती पायावर पडली. मला रडू आलं ते पायामुळे नव्हतं. अख्ख्या चार मजल्यांत ‘जरा खाली येता का?’ म्हणून हाक मारायला एक दार नव्हतं. सामंतकाकूंचे गुडघे धरलेले. आणि ज्या माणसाने हे दोन मिनिटांत सांगितलं असतं, तो सहा फुटांवर बसून होता.

तो दिवस मला नीट आठवतो, आठवावासा वाटत नाही तरी. दुपारचे तीन वाजले असतील. मी इंजेक्टरच्या खटपटीत होते, म्हणजे तो कुठे असतो हे शोधण्याच्या. अप्पा खुर्चीत पुढे सरकून डावा हात हवेत हलवत होते. “तसं नाही.” मी पाना बदलला. “तसं नाही.” मी बाजू बदलली. “तसं नाही, तसं नाही!” घाम डोळ्यांत गेला होता, बोटाचं कातडं सोललं होतं. मी पाना आपटला आणि त्यांच्यावर ओरडले.

“तसं नाही तर कसं, सांगा ना! सांगा! एक शब्द बोला. येतंय ना सगळं तुम्हाला? मग सांगा!”

त्यांनी तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताणल्या. ओठ काहीतरी घडवायचा प्रयत्न करत होते. ‘ब’ असावा किंवा ‘प’. काही आलं नाही. जे नेहमी यायचं तेसुद्धा आलं नाही. मग त्यांनी तोंड मिटलं आणि चेहरा पार्किंगच्या खांबाकडे वळवला. मी पाना उचलला, खोक्यात ठेवला, बॉनेट लावलं. बत्तीस पायऱ्या आम्ही एकमेकांना धरून चढलो आणि एकमेकांकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी चप्पल पुढे ठेवली तर त्यांनी पाय ओढून घेतले. तिसऱ्या दिवशीही. मी एकटीच खाली जायचे, बॉनेट उघडून उभी राहायचे, काही न करता. त्या तिसऱ्याच दिवशी सामंतकाकू घर सोडून गेल्या. त्यांच्या मुलाने टेम्पो आणला होता. टेम्पोत चढायच्या आधी त्या माझ्या गालावरचं ग्रीस पदराने पुसत म्हणाल्या, “अप्पांना जप. आणि स्वतःला पण, अगं. कोण बघतंय तुझ्याकडे?” टेम्पो वळणावर दिसेनासा झाला. नंतर कोपऱ्यावरचा इस्त्रीवालाही त्याची टपरी हलवून गेला, कारण कपडे द्यायला कोणी उरलं नव्हतं.

आता वाटतं, त्या वेळी मी वाक्यं मागत होते. मला त्यांच्याकडून उत्तर हवं होतं, परीक्षेतल्यासारखं, एका ओळीत. आयुष्यभर ज्या माणसाशी माझं ‘आलीस?’ एवढ्यावर भागलं, त्याच्याकडे मी अचानक भाषणं मागायला लागले होते. गेल्या फाल्गुनात अप्पा गेले. शेवटपर्यंत त्यांच्याकडे आणखी शब्द आले नाहीत. त्या ओरडण्याची माफी मी मागितली होती, त्याच रात्री, जेवण वाढताना. त्यांनी ताटाकडे बघत मान हलवली. होकार की नकार, ते मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

सामंतकाकू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात खोपटला गेले. डेपोच्या मागच्या बाजूला सुट्या भागांच्या दुकानांची ओळ आहे. जुन्या मॉडेलचा इंजेक्टर तिथल्या एकाकडे आहे असं फोनवर कळलं होतं. अप्पांजवळ पाणी, बिस्किटं, फोन ठेवला, दार नुसतं ओढून घेतलं, म्हटलं दोन-अडीच तासांत येते. दुकानात गेल्यावर कळलं, तो भाग दुसऱ्याच मॉडेलचा होता. रिकाम्या हाताने परतले. डेपोतून बाहेर पडणाऱ्या बसगाड्यांचा धूर, डोक्यावर ऊन, आणि ‘आता विकूनच टाकू’ हा विचार. खरं सांगायचं तर त्या विचाराने हलकंच वाटत होतं.

वर आले तर दार सताड उघडं. पलंग रिकामा. मोरीत नाहीत, गॅलरीत नाहीत. काठीही नाही. मी “अप्पा!” म्हणून ओरडले आणि जिना उतरत सुटले. मघाशी वर जाताना मी पार्किंगकडे पाहिलंच नव्हतं.

ते गाडीपाशी होते. लेंग्याला मागून चुन्याची पांढरी धूळ लागली होती. म्हणजे बसून, एकेक पायरी घसरत, ते बत्तीस पायऱ्या उतरले होते. बॉनेट त्यांनी एका हाताने उघडून टेकू लावला होता. कमरेने गाडीला रेलून उभे होते आणि डाव्या हातात तो लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर होता. मला बघून त्यांनी काही दाखवलं नाही, ना अपराधी चेहरा, ना आनंद. स्क्रूड्रायव्हरने ड्रायव्हरच्या सीटकडे खूण केली.

“तसं नाही,” ते म्हणाले. आणि पुन्हा सीटकडे.

मी बसायचं. ते बघणार.

इतके दिवस मी त्यांना खुर्चीत बसवून ठेवलं होतं. पाणी देऊन, सावली बघून, पाहुण्यासारखं. एकतीस वर्षं इंजिनावर वाकलेल्या माणसाला मी प्रेक्षक केलं होतं. ते हात हलवून सांगत होते ते हेच असेल का, कोण जाणे. मी निमूट आत बसले आणि त्यांनी घरातून आणलेली किल्ली फिरवली.

बॉनेटच्या फटीतून मला त्यांच्या सदऱ्याची फक्त एक पट्टी दिसत होती. बॉनेटवर टकटक झाली की रेस वाढवायची, दोनदा झाली की कमी करायची, हे न सांगता ठरलं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मग इंजिनाला ठेच लागली आणि त्याच वेळी बॉनेटवर जोरात थाप पडली. मी धावत पुढे गेले. त्यांनी डाव्या कोपराने माझी मान खाली वाकवली आणि स्क्रूड्रायव्हरची मूठ माझ्या कानाला लावली. टोक पहिल्या इंजेक्टरवर. आत बारीक, नेमकी टकटक, घड्याळ पळत सुटावं तशी. दुसऱ्यावर ठेवलं, तशीच. चौथा, तशीच. मग तिसरा. टक टक टक, आणि मग काही नाही. मग टक. मग पुन्हा काही नाही.

“इंजेक्टर गेलाय,” मी म्हटलं.

त्यांनी जोराने नकारार्थी मान हलवली. स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. मग इंजेक्टरमध्ये खोचलेल्या वायरवरून त्यांचं बोट सावकाश मागे सरकत गेलं, काळ्या नळीत गुंडाळलेल्या भागावरून, इंजिनामागच्या पत्र्याकडच्या वळणापर्यंत. तिथे थांबलं. त्यांनी तिथे दाबलं. इंजिन सावरलं. सोडलं, इंजिन अडखळलं. दाबलं, सावरलं. तिसऱ्यांदा त्यांनी माझं बोट घेऊन तिथे ठेवलं.

बॅटरीची तार सोडवून मी ती काळी नळी कापली. आत दोन वायरी होत्या आणि एकीवर दातांच्या बारीक खुणा. पावसाळ्यात कोरडी जागा शोधत आलेला उंदीर. वरचं कातडं कुरतडलेलं, आतलं तांबं हिरवं पडलेलं, एकदोन तंतूंवर लटकलेलं. गाडी हलली की ते एकमेकांना चिकटायचे, सुटायचे. इतक्या दुपारी, इतके प्लग, आणि कारण उंदराच्या एका चाव्याएवढं.

जोड आम्ही दोघांनी मिळून दिला. हिरवं झालेलं टोक मी कापलं, वरचं प्लास्टिक सोललं. एक टोक त्यांनी डाव्या हाताच्या चिमटीत धरलं, दुसरं मी त्याभोवती पिळलं. मी घाईने पिळलं तेव्हा त्यांनी सोडवायला लावलं. पुन्हा. पुन्हा. चौथ्या वेळी पीळ त्यांच्या मनासारखा बसला, तेव्हा त्यांनी नाकातून श्वास सोडला. कारखान्यातून आल्यावर बूट काढताना सोडायचे तसा. मी टेप गुंडाळला. बॅटरीची तार लावून गाडी सुरू केली आणि आम्ही अर्धा तास तिच्याजवळ नुसते उभे राहिलो. उन्हं खांबांवरून सरकून भिंतीवर गेली. ती एकदाही अडखळली नाही.

वर आल्यावर मला कोणाला तरी सांगायचं होतं. दादाला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता, हळू आवाजात म्हणाला, “अरे वा, झाली? ग्रेट. नंतर बोलू?” मग मी फोनमधली नावं खालीवर करत राहिले. सामंतकाकूंना लावला, लागला नाही. त्या इंटरनेटवरच्या माणसाला मात्र मी सविस्तर लिहिलं, वायर कुठली, वळण कुठलं, दाबून कसं पाहायचं. त्याचं उत्तर कधी आलं नाही. अप्पा चहात खारी बुडवून खात होते आणि त्यांच्या डाव्या हाताच्या नखांत ग्रीस होतं. मी ते धुतलं नाही.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. सामानाचा टेम्पो पुढे गेला. अप्पांना मी पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. बिल्डिंगकडे त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मी आरशात पाहिलं, तर तीही धुळीत दिसेनाशी झाली होती. ठाकुर्लीवरून, नव्वद फुटी रस्त्याने, पत्री पुलावर नेहमीची गर्दी. दुकानांपुढे आकाशकंदील लागले होते. पुलाच्या चढावर मी श्वास धरून होते. इंजिन एका सुरात चढलं आणि उतरलं. अप्पांनी एकदाही डॅशबोर्डला हात लावला नाही. ते रस्त्याकडे बघत होते, प्रवाशासारखे.

खडकपाड्याच्या नव्या सोसायटीत वॉचमनने आमचा खांब दाखवला. मी गाडी लावली. टेम्पोवाले आधीच पोचले होते. आईचं लोखंडी कपाट दोघं जण कण्हत लिफ्टकडे नेत होते, आणि मला जाऊन सांगायला हवं होतं की आरसा सांभाळा, कप्पे आधी काढा. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि पट्टा सोडायला वळले. अप्पांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. घट्ट नाही. नुसता ठेवला.

मी विचारणार होते, काय झालं, पाणी हवं का, दुखतंय का. विचारलं नाही. समोर नवीन रंगाची भिंत होती आणि तिच्यावर गाडीचा नंबर लिहायला सोडलेली जागा. बॉनेटखाली तापलेलं लोखंड थंड होताना टिक टिक करत होतं, आधी भराभर, मग लांब लांब. अप्पा ते ऐकत होते. मीही ऐकायला लागले. टेम्पोवाल्याने लांबून हाक मारली, “ताई, कपाट कुठल्या खोलीत?” मी हात वर करून त्याला थांबायला सांगितलं, आणि आम्ही दोघं टिकटिक पूर्ण थांबेपर्यंत तसेच बसून राहिलो.